गायच्या आधी काढायचं पीक

रातकिडा खाण्याजोगा असतो हे जगाला पटवणं सोपं आहे. जग काही समोर येऊन बसत नाही. अवघड असतं ते घरातल्या दोन माणसांना आणि एका कॅन्टीन कमिटीला पटवणं. त्यांना तोंडं असतात, आणि ती वाकडी करता येतात.

मी बरीच वर्षं कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात होतो, प्रयोगशाळेत. खाद्यात वाळवलेले किडे मिसळले की कोंबडी कशी तरारते, हे तपासायचं माझं काम. कोंबडी किडे खाते, माणूस कोंबडी खातो. मधली कोंबडी वगळली तर दाणा, पाणी, जागा, सगळंच वाचतं, एवढा साधा विचार मी एकदा घरी जेवताना मांडला. ताटात त्या दिवशी कोंबडीच होती. तेव्हापासून माझ्या विचारांसाठी जेवणानंतरची वेळ राखून ठेवण्यात आली.

पुढे कारखान्याने प्रयोगशाळाच बंद केली आणि माझ्याकडे विचारांना वेळच वेळ झाला. घराची मागची खोली रिकामी होती. तिथे मी झाकणाला जाळी बसवलेले प्लास्टिकचे टब मांडले, त्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचले, कोपऱ्यात हीटर, भिंतीवर तापमापक. रातकिड्यांना वाटीत पाणी दिलं तर ते पिण्याऐवजी बुडून मरतात, म्हणून ओले स्पंज. खायला कोंडा आणि गाजराची सालं. खोलीला ओल्या कोंड्याचा वास यायचा. बायकोच्या मते तो कोंड्याचा नव्हता.

बायकोचं चष्म्यांचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं हा तिचा धंदा, त्यामुळे मला काय दिसत नाही हे ती अधिकाराने सांगते.

“अहो, हौस म्हणून करायचं तर करा, माझी ना नाही,” ती म्हणाली. “पण याला धंदा म्हणत असाल, तर बाहेरच्या एका तरी माणसाने हे मागून घेतलेलं मला बघायचंय. ही खेप शेवटची. कुणी मागितलं नाही, तर टब बाहेर आणि तुम्ही परत कोंबड्यांकडे.”

परत कोंबड्यांकडे म्हणजे माझ्या जुन्या साहेबांकडे. त्यांनी गावाबाहेर नवा कारखाना काढला होता आणि मला खुर्ची राखून ठेवली होती. “किडे करून बघा, जमलं नाही तर आम्ही आहोतच,” असं ते ज्या हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले होते, तो चेहरा रोज सकाळी बघत उरलेली नोकरी काढायची, या कल्पनेनेच माझ्या हातून टब घासून निघायचे.

सुदैवाने बाहेरचा एक माणूस मिळाला. ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यातल्या कॅन्टीनचे मॅनेजर. माझं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मी रातकिड्यांच्या पिठाचं केलेलं बिस्किट खाल्लं, दुसरं उचललं. “एक दिवस दुपारच्या सूपमध्ये आणि चहाच्या बिस्किटांत हे पीठ घालून बघू. लोकांनी खाल्लं तर दर महिन्याला घेऊ,” म्हणाले. “फक्त कमिटीपुढे ठेवावं लागेल.”

कमिटी तिघांची. मॅनेजर स्वतः, कारखान्याचे डॉक्टर आणि युनियनचे सेक्रेटरी. आम्ही कॅन्टीनमध्येच एका स्टीलच्या टेबलाशी बसलो. मधे माझ्या बिस्किटांची बशी.

“कोळंबी ज्यांना सोसत नाही त्यांना हे सोसणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “फळ्यावर लिहावं लागेल.”

“लिहिलंय,” मी म्हणालो. “पाकिटावरही लिहिलंय.”

“आधी कोण खाणार?” सेक्रेटरींनी विचारलं. “कामगार की साहेब लोक?”

“सगळे एकदम.”

“ते ठीक आहे हो. पण पहिला घास?”

“पहिला घास तुम्ही आत्ताच खाल्लाय.”

सेक्रेटरींनी हातातल्या अर्ध्या बिस्किटाकडे पाहिलं. “हा वैयक्तिक,” ते म्हणाले आणि उरलेलं अर्धंही वैयक्तिकरीत्या खाल्लं.

“मला वाटतं रातकिडा हा शब्द फळ्यावर नको,” मॅनेजर म्हणाले. “काहीतरी पौष्टिक नाव शोधू या.”

इथे मात्र मी अडलो. जे आहे तेच लिहायचं. न सांगता खाऊ घातलं आणि मागाहून कळलं, तर तुमच्या कॅन्टीनमध्ये लोक पाणीसुद्धा वास घेऊन पितील, असं मी सांगितलं. तिघांनी माना डोलावल्या. बशी रिकामी झालेली होती.

“तत्त्वतः मंजूर,” मॅनेजर म्हणाले.

तत्त्वतः मंजूर म्हणजे काय, हे ज्याने कधी घराचा नकाशा पास करून घेतलाय त्याला विचारा. त्याचा अर्थ ‘नाही’ असाच असतो, फक्त सोबत चहा मिळतो.

त्यानंतर फोन सुरू झाले. डॉक्टर रजेवर गेले. ते आले तर सेक्रेटरी अधिवेशनाला गेले. मधेच मॅनेजरांचा फोन, “सर, नमुना परत पाठवता का? मागचा संपला.”

“म्हणजे आवडला ना?”

“आवडीचा प्रश्न नाही, सर. निर्णयाचा आहे.”

मी नमुना पाठवला. तोही संपला. पुढच्या फोनवर त्यांनी, जमल्यास थोडे जास्तच पाठवा, म्हणजे सगळ्यांना नीट विचार करता येईल, असं सुचवलं. निर्णय न घेता माणसं माझा माल फस्त करत होती. धंद्याच्या पुस्तकात याला मागणी म्हणतात की चोरी, मला अजून सापडलेलं नाही.

इकडे टबांत पीक तयार होत होतं. रातकिडा अंड्यातून निघाल्यापासून कात टाकत टाकत वाढतो. शेवटची कात टाकली की त्याला पूर्ण पंख फुटतात, आणि पंख फुटले की नर पंखावर पंख घासून गायला लागतो. शहाणा माणूस त्याच्या थोडं आधी पीक काढतो. तेव्हा अंग भरलेलं असतं, पंखांचा कचरा नसतो, दळायला हलकं जातं. एक दिवस उपाशी ठेवायचं, म्हणजे पोट साफ होऊन पिठाला कडवटपणा येत नाही. मग गारठ्यात ठेवायचं; ते निपचित झोपतात आणि झोपेतच जातात. मग उकळतं पाणी, भट्टी, चक्की.

सगळी तयारी होती. पण माल साठवून शिळा करायचा नव्हता, ताजा द्यायचा होता, आणि तारीख मिळत नव्हती. पीक पिकलं की काढावं लागतं. कमिटी पिकत नाही. मी थांबलो.

आणि एका संध्याकाळी मागच्या खोलीत पहिला रातकिडा गायला लागला. दुसऱ्या दिवशी सगळे.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. वीजकेंद्रात फोरमन होते. सगळा संसार वीजकेंद्राच्या भिंतीला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये झाला, कानाशी टर्बाइनची घरघर अष्टौप्रहर. निवृत्त होऊन आमच्याकडे आले आणि त्यांची झोप उडाली. आम्ही मुद्दाम गल्लीच्या टोकाचं, शांत घर बघून घेतलं होतं. त्या शांततेने म्हातारा जागा राहू लागला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कोमट दूध झालं. पहाटे स्वयंपाकघरात डोळे तांबारलेले सासरे चहाचं भांडं आपटत असायचे, तेव्हा कुणी कुणाशी बोलायचं नाही असा घरचा नियम होता.

माझ्या खोलीला ते ‘जावईबापूंचा किडेखाना’ म्हणत आणि तिच्या दारावरून जाताना श्वास रोखत. मी एकदा बिस्किट पुढे केलं तर म्हणाले, “जावईबापू, मुलगी दिली तुम्हाला. आणखी किती सूड घ्याल?”

तर रातकिडे गायला लागल्यावरची दुसरी सकाळ. आठ वाजून गेले तरी भांड्यांचा आवाज नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आम्ही दोघं त्यांच्या खोलीत गेलो. त्यांची खोली किडेखान्याच्या भिंतीला लागून. सासरे उताणे, तोंड उघडं, हालचाल नाही. बायकोचा चेहरा पांढराफटक झाला. तिने हात त्यांच्या नाकाशी धरला.

“काय गं, चष्म्याचं माप घेतेस का?” डोळे न उघडता सासरे म्हणाले, कुशीवर वळले आणि साडेनऊपर्यंत झोपले.

उठले ते वेगळेच. चहाला बरा म्हणाले. मला ‘बसा’ म्हणाले. दुपारी स्वतःची खुर्ची उचलून किडेखान्यात घेऊन गेले आणि टबांच्या मधोमध डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने बाहेर येऊन मला म्हणाले, “त्या खिडकीकडच्या टबात एकाचं बेअरिंग गेलंय. बाकी प्लांट उत्तम चाललाय.”

खालच्या मजल्यावरच्या काकू आधी वासाची तक्रार घेऊन दोनदा वर आल्या होत्या. त्या तिसऱ्यांदा आल्या. मी दारातच माफी मागायला सुरुवात केली.

“माफी राहू दे हो भाऊ,” त्या म्हणाल्या. “एक डबा मिळेल का? आमच्या ह्यांना कालपासून वरून ऐकू येतंय, तर चक्क घोरले. कित्येक वर्षांत घोरले नव्हते.”

“काकू, ते खाण्यासाठी आहेत.”

“अय्या!” काकूंनी पदर तोंडाला लावला. “इतकं गोड गातात आणि तुम्ही त्यांना खाणार?”

अशी सगळी गंमत. लोकांना आधी किळस होती, मग एकदम लळा लागला. मधे भूक म्हणून एक पायरी असते, तिच्यावर कुणी पाय ठेवला नाही.

आणि मग, अर्थातच, फोन आला.

“अभिनंदन, सर!” मॅनेजर म्हणाले. “कमिटीने मंजूर केलं. परवा दुपारच्या जेवणाला. वरून मोठे साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोरच करू. माल सकाळी लागेल.”

“परवा? इतके दिवस थांबवून आता परवा?”

“सर, आम्ही एकदा ठरवलं की उशीर करत नाही.”

मी हिशोब केला. उद्या उपास, उद्या संध्याकाळी गारठा, रात्री उकळणं-भाजणं, पहाटे दळणं. पंख आणि पाय चाळून काढावे लागणार, पण जमण्यासारखं होतं. मी ताडकन उठून बायकोला सांगितलं. बाहेरच्या माणसाने मागून घेतलं होतं. अट पुरी झाली होती. मला वाटलं ती निदान ‘बरं’ म्हणेल.

“थोडं थांबता नाही येणार?” ती म्हणाली.

महिनाभर ‘कधी जाणार ही ब्याद’ म्हणून जिने माझे कान किटवले, तीच ही बाई.

“अगं, तूच म्हणालीस ना?”

“म्हणाले. पण बाबा झोपतायत हो. मी त्यांना इतकं झोपलेलं कधी बघितलंच नाही.”

तिचंही खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. खोट्या माणसाशी भांडता तरी येतं. मी तोड काढली. अंडी मिळवायला एक टब मागे ठेवावाच लागतो. तो बाबांच्या खोलीत ठेवू, रोज गाईल. सासरे दारात उभे राहून ऐकत होते. “एका युनिटवर गाव चालत नाही, जावईबापू,” म्हणून निघून गेले.

मी दुसरी तोड काढली. “हे बघ, गातात फक्त नर. माद्या गप्प असतात. शेपटीकडे लांब सुईसारखी नळी असते, ओळखायला सोप्या. निवडून फक्त माद्यांचं पीठ करू. गाणारे सगळे राहतील.”

बायकोने हातातली चष्म्याची फ्रेम खाली ठेवली.

“पुन्हा एकदा सांगा,” ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं नाही. पण तिने सोडलं नाही. “म्हणजे पंख घासत दिवसभर बोंबलणारे पुरुष पाळायचे, आणि गुमान अंडी घालणाऱ्या बायकांना चक्कीत घालायचं. आणि ही तुमची जग वाचवायची योजना.”

“अगं, ते नुसतं जीवशास्त्र आहे.”

“नेहमी तेच असतं,” ती म्हणाली आणि दुकानात निघून गेली.

शेवटी मी कुणाला न विचारता दुसऱ्या दिवशी सकाळी टबांमधला कोंडा आणि सालं काढून घेतली, नुसते ओले स्पंज ठेवले, आणि बाजारात चाळण्या आणायला गेलो. दुकानं पालथी घालून दुपार कलल्यावर परत आलो. खोलीत सासरे खुर्चीवर बसून झाकणाची जाळी बंद करत होते. त्यांच्या मांडीवर गाजराच्या सालांचं रिकामं भांडं होतं. मी टबात पाहिलं. ट्रेच्या प्रत्येक कप्प्यात नारिंगी सालं आणि त्यांच्यावर तुटून पडलेले रातकिडे.

“सकाळपासून उपाशी ठेवलीत हो पोरं,” सासरे म्हणाले. “विसरलात वाटतं. मी दोनदा घातलं. मला सांगत जा ना, मी घरीच असतो.”

मी तिथेच ट्रेच्या ढिगावर बसलो. मग उठून मॅनेजरांना फोन लावला आणि ज्या गोष्टीसाठी महिनाभर त्यांना शिव्या घातल्या, तीच गोष्ट त्यांच्याकडे मागितली. एक दिवस उशीर.

“अशक्य, सर. फळ्यावर लिहून झालंय. रातकिडा, असंच लिहिलंय, तुमच्या आग्रहाप्रमाणे. युनियनचं पण लोकांना सांगून झालंय. आता माल आला नाही, तर चारशे माणसं म्हणणार, मॅनेजरने टरकून माघार घेतली. पुन्हा हा विषय मला काढताही येणार नाही.”

फोन ठेवला तेव्हा बायको दुकानातून आलेली होती. दोघंही माझ्याकडे बघत होते. आणि मग मी ओरडलो. मी सहसा ओरडत नाही, त्यामुळे मला ते नीट जमलंही नाही; आवाज मधेच चिरकला.

“पोट भरलेल्या किड्याचं पीठ कडू होतं, बाबा! उद्या पहिल्यांदा चारशे माणसं रातकिडा तोंडात घालणार, आणि तो कडू लागणार. आयुष्यात परत कुणी हात लावणार नाही. त्यापेक्षा मी जाऊन सांगतो, माल नाही. संपलं. मी उद्यापासून कोंबड्यांकडे जातो.”

सासरे सावकाश उभे राहिले.

“चारशे माणसं? म्हणजे लोकांना जेवण कबूल केलंय?”

“मग एवढे दिवस मी करतोय काय?”

“मला वाटलं, छंद आहे. ही म्हणाली, नोकरी गेल्यापासून त्यांना मन रमवायला काहीतरी हवंय.”

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने तापमापकाकडे पाहिलं.

“मला आधी सांगायचं नाही?” सासरे म्हणाले.

“रोज सांगतोय, बाबा. जेवणानंतर.”

“जेवणानंतर मी ऐकत नसतो. डोळा लागतोय का बघत असतो.” त्यांनी भांडं खाली ठेवलं. “माल किती वाजता पोचायला हवा?”

“जेवणाच्या आधी तास-दोन तास चालेल, सकाळीच असं नाही. पण उपास...”

“आत्ता काढा ती सालं. पहाटेपर्यंत किती पोट साफ होईल?”

“बरंचसं.”

“मग बरंचसं करा. सप्लाय कबूल केला की तोडायचा नसतो. कमी दाबाने द्या, पण द्या.” हे सांगताना ते माझे सासरे नव्हते, मी बहुधा त्यांचा नवीन लागलेला वायरमन होतो.

आम्ही तिघांनी ट्रे झटकून एक एक साल वेचून काढलं. बायकोने न सांगता फ्रीझर रिकामा केला. सासऱ्यांनी आपली खुर्ची किडेखान्याच्या दारात आडवी घातली. काकू भाजीची पानं घेऊन वर आल्या, तर त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं. “मेंटेनन्स चालू आहे,” म्हणाले.

पहाटे मी हीटर बंद करायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

“एकदम नाही. लोड हळूहळू उतरवतात.”

त्यांनी स्वतः हीटरची कळ एक घर मागे घेतली. खिडकी बोटभर उघडली. आम्ही थांबलो. थंडी वाढली की रातकिड्याचा सूर संथ होतो, हे मला ठाऊक होतं, मी ते वाचलेलं होतं. ऐकलं मात्र तेव्हाच. आधी सगळ्या खोलीची मिळून एकच घरघर होती. मग तिच्यातले धागे सुटे झाले. कळ आणखी एक घर मागे. आता एकेक सूर मोजता येईल असा, मधे मधे थांबणारा. सासरे डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. खिडकी पूर्ण उघडली. भिंतीकडच्या टबात शेवटचा एक जण किर्र म्हणायचा, विचार करायचा, परत किर्र म्हणायचा. मग त्याने विचारच केला.

“हं,” सासरे म्हणाले. “न्या आता.”

त्यानंतरची सकाळ नुसती राबण्यात गेली. कॅन्टीनच्या मागच्या दाराने पीठ आणि बिस्किटांचे डबे आत गेले तेव्हा सूप आधीच उकळत होतं. मी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं होतं. किंचित कडू. मला कळेल इतकं.

मोठे साहेब आलेच नाहीत. रांग लागली. दाराशी फळा होता, त्यावर रातकिडा असं ठळक लिहिलेलं, खाली कोळंबीची सूचना. पहिला माणूस थांबला, त्याने वाचलं, मागच्याकडे वळून म्हणाला, “रातकिडे आहेत म्हणे.”

“गरम आहे का?” मागच्याने विचारलं.

“आहे.”

“मग हल की पुढे.”

एवढंच. मी महिनाभर मनात भाषण घोकलं होतं, पृथ्वी, पाणी, गायरानं, पुढच्या पिढ्या, सगळं होतं त्यात. कुणी विचारलंच नाही. काही जणांनी नुसता पाव घेतला. काही जण चमच्याने ढवळून किडा शोधत बसले आणि सापडला नाही म्हणून नाराज झाले. बहुतेकांनी सूप संपवलं, बिस्किट खिशात टाकलं आणि पाळीवर गेले. सेक्रेटरी पुन्हा रांगेत लागले.

“फक्त मिठाची तक्रार आली, सर,” मॅनेजर आनंदाने म्हणाले. “आणि पातळ होतं म्हणाले. म्हणजे नेहमीच्याच तक्रारी! दर महिन्याला पाठवा. आणि कमिटीची कटकट संपली आता. वेळच्या वेळी माल उचलू.”

घरी आलो तर बायकोने दार उघडलं. तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. “घेतलं ना मागून?” ती म्हणाली. “मग झालं तर. टब राहू देत.” आणि थोड्या वेळाने, पाठमोरी होऊन, “छंद म्हणाले होते मी. चुकलंच.”

इतकी वर्षं ऐकायचं होतं ते वाक्य, आणि ऐकायला मिळालं तेव्हा मला उभ्याने झोप येत होती.

नवी पिल्लं निघाली. मुंगीएवढी, टबभर सांडल्यासारखी. सासरे रोज येऊन बघून जायचे. अंड्यांसाठी मागे ठेवलेला गाणारा टब आम्ही त्यांच्या उशाशी ठेवला होता. झोपेसाठी पंखाही लावून झाला, रेडिओवर स्टेशन नसलेली जागा लावून झाली. एक टब म्हणजे एक टबच.

“हे कधी लागतील गायला?” त्यांनी एकदा विचारलं.

मी त्यांना खरं ते सांगितलं. गायच्या आधी काढायचं असतं. मागच्या वेळी कमिटीने उशीर केला म्हणून ते गायले. आता माल वेळेवर जाणार. आता टबांतलं कुणी गाणार नाही.

त्यांनी मान हलवली, जाळी नीट बसवली, दिवा मालवला.

नवं पीक गायच्या आधीच निघालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला. मी उठून गेलो. सासरे टेबलाशी बसले होते, डोळे तांबारलेले, समोर चहा. नियमाप्रमाणे मी बोललो नाही. त्यांनी फळीवरचा कॅन्टीनला जायचा डबा उघडला, एक बिस्किट काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि चहात न बुडवता चावलं. पूर्ण खाल्लं. मग आणखी एक घेतलं.

“बाबा,” मी न राहवून विचारलं, “कसं लागतंय?”

“चांगलं आहे.” ते थोडा वेळ चावत राहिले. “गप्प आहे फार.”

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. बाहेर अजून उजाडायचं होतं. घर शांत होतं, आम्ही मुद्दाम बघून घेतलं होतं तसं. त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला.